मानवी मस्तिष्कस्तंभ व कर्पर-तंत्रिकांची केंद्रके : मस्तिष्कस्तंभ-मृत्यू आणि मण्यारदंश यांच्या संदर्भात

प्रस्तावना

मानवी मेंदूचा विषय निघाला की आपले लक्ष प्रथम प्रमस्तिष्काच्या घड्यांकडे जाते. भाषा, स्मृती, विचार यांचे अधिष्ठान तेथे असल्याने ते स्वाभाविकच आहे. परंतु कृत्रिम श्वासयंत्रावर असलेला रुग्ण जिवंत आहे की मृत, हा प्रश्न जेव्हा उभा राहतो, तेव्हा त्याचे उत्तर आपल्याकडे प्रमस्तिष्कावरून नव्हे, तर जेमतेम अंगठ्याएवढ्या मस्तिष्कस्तंभावरून दिले जाते. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा, १९९४ हा ४ फेब्रुवारी १९९५ पासून महाराष्ट्रात लागू झाला. मस्तिष्कस्तंभाची सर्व कार्ये कायमची व अपरिवर्तनीयपणे थांबणे, ही अवस्था त्याने मृत्यूच्या व्याख्येत समाविष्ट केली. त्यामुळे शरीररचनाशास्त्रातील एक किचकट प्रकरण कायद्याचाही विषय झाले. प्रस्तुत लेखात या भागाच्या रचनेचा परिचय करून देऊन, रायगड जिल्ह्यासारख्या प्रदेशात ही रचना नीट समजून घेणे का आवश्यक आहे, हे मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

रचना

मस्तिष्कस्तंभाचे वरून खाली तीन भाग पडतात : मध्यमस्तिष्क, सेतू आणि लंबमज्जा. आपल्या शालेय पुस्तकांत लंबमज्जेला मस्तिष्कपुच्छ म्हटले आहे. (परिभाषेतील हा गोंधळ विद्यार्थ्यांना विनाकारण त्रास देतो, ‘तंत्रिका’ आणि ‘चेता’ या दोन शब्दांचेही तसेच.) प्रमस्तिष्काकडून मेरुरज्जूकडे जाणारे आणि तेथून वर येणारे सर्व मार्ग या अरुंद स्तंभातूनच जातात. जागृतावस्था टिकवणारे तंतूंचे जाळे याच्या वरच्या भागात आहे, तर श्वसनाची लय निर्माण करणाऱ्या पेशी प्रामुख्याने लंबमज्जेत आहेत.

कर्पर-तंत्रिकांच्या बारा जोड्यांपैकी पहिल्या दोन, म्हणजे गंधाची व दृष्टीची, मस्तिष्कस्तंभातून निघत नाहीत. उरलेल्यांची केंद्रके, अकराव्या तंत्रिकेचा अपवाद सोडल्यास, मुख्यतः येथेच आहेत. अकरावीचे केंद्रक बहुतांशी मेरुरज्जूच्या मानेकडील वरच्या भागात असते. तिसऱ्या व चौथ्या तंत्रिकेची केंद्रके मध्यमस्तिष्कात आहेत. पाचवी, सहावी व सातवी यांची प्रेरक केंद्रके सेतूत आहेत, आठवीची सेतू व लंबमज्जेच्या संधीजवळ, तर नववी, दहावी व बारावी यांची लंबमज्जेत आहेत.

हा क्रम पाठ करण्याऐवजी त्यामागील तत्त्व समजून घेणे अधिक उपयुक्त ठरते. गर्भावस्थेत तंत्रिका-नलिकेच्या भिंतीचा पुढचा भाग प्रेरक, म्हणजे आज्ञा देणारा, आणि मागचा भाग संवेदी असतो. सेतू व लंबमज्जेच्या पातळीवर ही नलिका मागील बाजूने, पुस्तक उघडावे तशी, उलगडते. परिणामी प्रेरक केंद्रके मध्यरेषेलगत राहतात व संवेदी केंद्रके बाहेरच्या बाजूस सरकतात. डोळा व जीभ हलवणारी केंद्रके मध्यरेषेच्या अगदी जवळ, आणि तोल व श्रवण यांची सर्वांत बाहेर, ही मांडणी यातूनच येते.

काही अपवाद मात्र लक्षात ठेवावेच लागतात. चौथी तंत्रिका ही मस्तिष्कस्तंभाच्या मागील बाजूने बाहेर पडणारी एकमेव तंत्रिका होय, आणि ती बाहेर पडण्यापूर्वी दुसऱ्या बाजूस ओलांडून जाते. सातवीचे तंतू सहावीच्या केंद्रकाला वळसा घालून मग बाहेर येतात. त्यामुळे त्या जागी लहानशी इजा झाली तरी डोळा बाहेरच्या बाजूस वळणे आणि त्याच बाजूच्या चेहऱ्याची हालचाल, दोन्ही एकदम थांबतात. पाचवीचे संवेदी केंद्रक तर मध्यमस्तिष्कापासून मानेतील मेरुरज्जूपर्यंत पसरलेले आहे.

प्रतिक्षेप आणि परीक्षा

मस्तिष्कस्तंभ-मृत्यूची तपासणी म्हणजे या केंद्रकांची वरून खाली घेतलेली क्रमवार परीक्षाच असते. बाहुलीवर प्रकाश टाकला की संदेश दुसऱ्या तंत्रिकेतून आत येतो व तिसरीतून परत जातो. येथे मध्यमस्तिष्काची परीक्षा होते. पारपटलाला कापसाचा स्पर्श केल्यास पाचवी संदेश आणते व सातवी पापणी मिटवते. ही परीक्षा सेतूची. कानात थंड पाणी सोडून नेत्रगोल हलतात का हे पाहताना आठवी, सहावी व तिसरी या तिन्हींचा कस लागतो. घशाला स्पर्श करून व श्वासनलिकेत नळी घालून नववी व दहावी तपासली जाते. शेवटी श्वासयंत्र बाजूला करून, रक्तातील कार्बन डायऑक्साइड पुरेसा वाढूनही श्वास सुरू होत नाही, याची खात्री केली जाते. चार वैद्यकीय तज्ज्ञांच्या मंडळाने ही संपूर्ण तपासणी किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा करावी, असा नियम आहे.

याच्या उलट अवस्था महाराष्ट्राने चार दशके पाहिली. परळच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी झालेल्या हल्ल्यात गळा आवळला गेल्याने मेंदूचा प्राणवायू खंडित झाला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत त्या त्याच रुग्णालयात होत्या. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना मृत मानता येणार नाही असे स्पष्ट केले. त्या यंत्राविना श्वास घेत होत्या. वृत्तपत्रांतून ‘कोमा’ व ‘मेंदू मृत’ हे शब्द सर्रास एकमेकांऐवजी वापरले जातात. प्रस्तुत लेखकाच्या मते ही केवळ भाषिक ढिलाई नाही. अवयवदानाविषयी नातेवाइकांच्या मनातील भीतीला ती खतपाणी घालते.

मण्यारदंश : एक फसवे साम्य

उलवे, पनवेल, उरण हा पट्टा झपाट्याने नागरी झाला असला, तरी लगतच्या टेकड्या, भातखाचरे व बांधकामाच्या जागा येथे आहेतच, आणि जमिनीवर झोपणारी माणसेही आहेत. मण्यार बहुधा रात्री, झोपलेल्या माणसाला दंश करते. वेदना व सूज नगण्य असते. पुष्कळदा दंशाची खूणही सापडत नाही. पोटात दुखते, पापण्या जड होतात, नेत्रगोल स्थिर होतात, गिळणे थांबते आणि अखेर श्वास बंद पडतो. याच जिल्ह्यातील महाड येथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंश व सर्पदंश यांवर दीर्घकाळ संशोधन केले आहे. ग्रामीण डॉक्टरांना ही चित्रे परिचित असतात.

तीव्र विषबाधेत बाहुल्या विस्फारलेल्या व प्रकाशाला प्रतिसाद न देणाऱ्या असू शकतात. पारपटल, घसा, श्वसन यांपैकी कशालाच प्रतिसाद मिळत नाही. वर वर्णिलेल्या परीक्षेत असा रुग्ण सर्वत्र अनुत्तीर्ण ठरेल, आणि तरीही त्याच्या मस्तिष्कस्तंभातील एकही केंद्रक बिघडलेले नसेल. मण्यारीचे विष तंत्रिकांच्या टोकांवर, जेथून स्नायूला ॲसिटिलकोलीनद्वारे संदेश दिला जातो तेथे, कार्य करते. केंद्रक आज्ञा देते, परंतु ती स्नायूपर्यंत पोहोचत नाही. म्हणजे प्रतिक्षेपाचा अभाव हा केंद्रकाच्या नाशाचा पुरावा तेव्हाच ठरतो, जेव्हा तेथून निघणारा मार्ग शाबूत असतो.

म्हणूनच प्रमाणपत्राच्या नमुन्यात, तपासणीपूर्वी विषबाधा, गुंगी आणणारी व स्नायू शिथिल करणारी औषधे, तसेच शरीराचे उतरलेले तापमान ही कारणे वगळण्याची अट आहे. बेशुद्धीचे ठोस कारण, उदाहरणार्थ डोक्याला झालेली इजा वा मेंदूतील रक्तस्राव, माहीत नसेल तर परीक्षेला हातच घालू नये, हा दंडक त्यासाठीच आहे. पहाटे सापडलेल्या, इतिहास ठाऊक नसलेल्या रुग्णाच्या बाबतीत या अटीला असाधारण महत्त्व येते. अशा वेळी मेंदूचा विद्युत आलेख उपयोगी पडतो. मण्यारदंशात तो मेंदू कार्यरत असल्याचे दाखवतो.

प्रतिविष रक्तातील विषाला निष्प्रभ करते, पण एकदा निकामी झालेली तंत्रिकाग्रे ते दुरुस्त करू शकत नाही. ती पुन्हा कार्यक्षम होईपर्यंत, कित्येक दिवस, श्वासयंत्रावर वाट पाहावी लागते, आणि वेळेत श्वास पुरवला गेला असेल तर रुग्ण पूर्ण बरा होऊ शकतो. या काळात त्याला पापणीही हलवता येत नाही. मात्र त्याला ऐकू येत असू शकते. अतिदक्षता विभागात त्याच्या खाटेजवळ काय बोलले जाते, याची काळजी परिचारिका व नातेवाईक यांनी घ्यावी लागते ती यामुळेच.