खिडकीबाहेरचे पिंप

सन 1883 मध्ये बंगळूरच्या लष्करी छावणीत रोनाल्ड रॉस नावाचा एक तरुण डॉक्टर नेमणुकीवर आला. बंगला चांगला होता, हवाही आल्हाददायक होती. परंतु डासांनी त्याला जेरीस आणले. नवलाची गोष्ट अशी की, सोबत्यांच्या खोल्यांपेक्षा त्याच्याच खोलीत डास अधिक होते. शोध घेता घेता खिडकीबाहेर ठेवलेल्या पाण्याच्या पिंपाकडे त्याचे लक्ष गेले. आत असंख्य अळ्या वळवळत होत्या. रॉसने पिंप उपडे केले, आणि खोलीतील डास हटले.

उत्साहाच्या भरात त्याने पलटणीच्या अधिकाऱ्याला सुचविले की, आवारातील साचल्या पाण्याची सारीच भांडी अशी रिती करावीत. अधिकाऱ्याने साफ नकार दिला. डास निर्माण झाले ते काही हेतूनेच, तेव्हा ते सोसावेत, असे त्याचे म्हणणे पडले!

त्या वेळी डास आणि हिवताप यांचा संबंध कोणास ठाऊक नव्हता. पुढे 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबाद येथे याच रॉसला डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू दिसले आणि 1902 साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि घरापुरते बोलावयाचे, तर त्या पारितोषिकापेक्षा ते उपडे केलेले पिंपच आम्हास अधिक मोलाचे वाटते.

कारण, वाचकहो, आपल्या घरातील डास बाहेरच्या गटारातून येतात, अशी आपली ठाम समजूत असते. गटारात डास होतात हे खरे. पण डेंग्यू पसरविणारा एडिस डास, ज्याच्या काळ्या पायांवर पांढरे पट्टे असतात, तो घरातल्या स्वच्छ पाण्यातच वाढणे पसंत करतो. शहरी हिवतापाचा अ‍ॅनॉफिलिस स्टिफेन्सी हाही टाक्यांतून व विहिरींतून निपजतो. एडिस फार दूर उडत नाही. बहुधा काहीशे मीटरांच्या आतच त्याचे आयुष्य सरते. चावतो तोही दिवसा. म्हणजे रात्री मच्छरदाणी लावून निश्चिंत झालेल्या आईचे मूल सकाळी अभ्यासाला बसलेले असताना तो त्याला गाठतो. डेंग्यूच्या विषाणूवर खास औषध नाही. आणि एकदा होऊन गेलेला डेंग्यू दुसऱ्या प्रकारच्या विषाणूमुळे पुन्हा झाला, तर तो अधिक घातक ठरण्याचा संभव असतो.

आता बंगळूरच्या घराकडे पाहा. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंच. कावेरीचे पाणी 1974 पासून सुमारे शंभर किलोमीटरांवरून पंपांनी चढवून आणले जाते. अनेक भागांत ते रोज येत नाही. साहजिकच अंगणाखाली हौद, गच्चीवर टाकी, न्हाणीघरात पिंप अशी साठवण प्रत्येक कुटुंब करते. ती कोणाची हौस नव्हे, गरज आहे. परंतु हौदाचे झाकण किंचित तिरके बसले, किंवा टाकीच्या हवेच्या नळीला जाळी नसली, की तेवढी फट डासाच्या मादीला पुरते. मुंबई-पुण्याच्या वाचकांनी येथे हसू नये; त्यांच्या गच्च्यांची कथा वेगळी नाही.

अंड्यापासून उडणारा डास होण्यास साधारणपणे सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी कोरडी करावीत. मात्र पाणी नुसते ओतून टाकणे पुरेसे नाही. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेलगत भांड्याच्या आतील बाजूस चिकटलेली असतात, ती कोरडेपणातही कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी भरताच त्यांतून अळ्या निघतात. यास्तव काथ्याने आतून घासणे अवश्य आहे. पिंप डोळ्यांसमोर असते. चुकतात त्या लहान जागा. शीतकपाटामागचा पाण्याचा ट्रे, कुंड्यांखालच्या ताटल्या, बाटलीतला मनीप्लांट, मुंग्या येऊ नयेत म्हणून जाळीच्या कपाटाच्या पायांखाली ठेवलेल्या पाण्याच्या वाट्या! बंगळूरच्या जुन्या घरांच्या परसात इडलीचे पीठ वाटण्याचा दगडी रगडा आता बहुधा निरुद्योगी पडून असतो. पावसाळ्यात त्याच्या खळग्यात पाणी साचते. रस्त्याकडेला फेकलेल्या शहाळ्यांचेही तेच. बागेतल्या हौदात गप्पी मासे सोडले तर ते अळ्या खातात. मात्र तळ्या-ओढ्यांत ते सोडू नयेत, कारण तेथील मूळच्या जलचरांना त्यांचा उपद्रव होतो.

फवारणी आहेच की, असे कोणी म्हणेल. धुराने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात. आपल्या देशाने हा धडा महागात घेतला आहे. 1953 साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, घरोघरी डीडीटी फवारले गेले, आणि 1960 च्या दशकाच्या मध्यास रुग्णांची वार्षिक संख्या लाखाच्या आसपास उतरली. पुढे डास डीडीटीला दाद देईनात, कामातही ढिलाई आली, आणि 1976 मध्ये ती चौसष्ट लाखांवर गेली.

कर्नाटक शासनाने सप्टेंबर 2024 मध्ये डेंग्यूला साथरोग म्हणून घोषित केले आणि आवारात डासांची पैदास आढळल्यास शहरी घराला 400 रुपये, ग्रामीण घराला 200 रुपये दंड ठरविला. दंडाचा धाक आम्हास फारसा रुचत नाही. आरोग्यसेवक दार ठोठावतो तेव्हा ‘आमच्याकडे डास नाहीत’ म्हणून त्याला परतवणारे सुशिक्षित गृहस्थ पाहिले, की तो अनाठायी म्हणवत नाही. छावणीतील तो अधिकारी निदान अज्ञानी होता.

घरात हे काम बहुधा गृहिणीच्या वाट्यास येते. पिंपे, वाट्या, कुंड्या ती पाहीलच. गच्चीवरील टाकीला मात्र शिडी लागते, झाकण जड असते, आणि तेथवर कोणी चढत नाही. या रविवारी चहा झाला की घरातील पुरुषमंडळींनी विजेरी घेऊन वर जावे, झाकण उघडून पाण्यावर उजेड टाकावा. अळ्या असतील तर उजेड पडताच त्या वळवळत खाली जातील.