अंथरूण ओलं करणाऱ्या मुलाला रागावू नका

जबलपूरहून मंडला, डिंडोरी, शहडोलकडे निघालं की सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा पट्टा लागतो. विदर्भातून इथे येऊन स्थिरावलेल्या मराठी घरांनाही हा आजार परका नाही. सांधे दुखणं, कावीळ, रक्त कमी होणं ही लक्षणं लोक आता ओळखतात. रात्रीची एक खूण मात्र नजरेतून सुटते. आठ-दहा वर्षांचं मूल अंथरूण ओलं करतं आणि घरातले त्याच्यावर ओरडतात.

दोष मुलाचा नसतो. रात्री मेंदूतून एक संप्रेरक अधिक स्रवतं, त्यामुळे मूत्रपिंड पाणी रक्तात परत ओढून घेतं आणि लघवी थोडी, पण दाट होते. हे काम मूत्रपिंडाच्या अगदी आतल्या भागात चालतं. तिथे प्राणवायू मुळातच कमी आणि क्षार भरपूर, म्हणजे सिकलसेलच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकायला अगदी पोषक जागा. बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, पुढे नष्ट होतात, आणि लघवी दाट करण्याची ताकद लहान वयातच जाते. संप्रेरक कितीही स्रवलं तरी पातळ लघवी रात्रभर तयार होत राहते.

यावर उपाय म्हणून संध्याकाळपासून पाणी तोडणं फार घातक आहे. अंगातलं पाणी घटलं की पेशी आणखी वाकतात आणि वेदनांचा झटका येऊ शकतो. मुलाला तहानेपुरतं पाणी द्या, रात्री एकदा उठवा.

या पट्ट्यातल्या मोठ्यांची रात्रीची आणखी एक तक्रार असते. आडवं झालं की पाय स्वस्थ राहत नाहीत, उठून चाललं की बरं वाटतं. हा अस्वस्थ पायांचा विकार लोहाच्या कमतरतेत आणि मूत्रपिंड निकामी झालेल्यांत बराच दिसतो. सिकलसेलचं दुखणं हाडातलं, ते चालून जात नाही. पाय अस्वस्थ म्हणजे लोह कमी, असं मात्र लगेच धरू नये. वारंवार रक्त चढवलेल्या सिकलसेलच्या रुग्णात लोह आधीच साठलेलं असू शकतं. फेरिटिन, म्हणजे रक्तातून कळणारा लोहाचा साठा, न तपासता लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत. दुखण्यावरच्या गोळ्याही मनाने घेऊ नयेत, त्यातल्या काही मूत्रपिंडाला इजा करू शकतात.

आदिवासींच्या आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था 1984 पासून जबलपुरातच आहे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाची सुरुवातही 1 जुलै 2023 रोजी शेजारच्या शहडोलमधून झाली. अंथरूण ओलं करणारं प्रत्येक मूल सिकलसेलचं नसतं. पण या पट्ट्यातल्या घरात असं मूल असेल, तर त्याचं रक्त एकदा तपासून घ्याच.