चेहरा नवा, कल्पना 1912 ची

महागड्या मोटारीचं फेसलिफ्ट आलं की बातमीसोबतचे फोटो ठरलेले असतात: पुढचे दिवे, जाळी, डॅशबोर्डवरचा मोठा पडदा. त्यामागोमाग प्रश्नही ठरलेला, की दिवे बदलले म्हणून जास्त पैसे का मोजायचे? दिव्यांसाठी मोजूच नयेत. पण एप्रिल 2017 मध्ये शांघायच्या मोटार प्रदर्शनात मर्सिडीजने एस-क्लासचा जो अवतार मांडला, त्यातली खरी गंमत फोटोत येणारी नव्हती. गाडी 2013 चीच, सांगाडा तोच. पत्र्याचे साचे फार महाग असतात, त्यामुळे दारं आणि छप्पर गाडीच्या अर्ध्या आयुष्यात कोणी बदलत नाही. प्रदूषणाचे नियम मात्र मॉडेल जुनं व्हायची वाट पाहत नाहीत. सप्टेंबर 2017 पासून युरोपात नव्या मॉडेलांसाठी धुराची आणि इंधनाची कडक चाचणी लागू होणार होती. म्हणून चेहऱ्याला रंगसफेदी आणि बॉनेटखाली नवा संसार, असा तो प्रकार होता.

या संसारात एक जुनं माणूस घरी परतलं, ते म्हणजे एका रांगेत सहा सिलिंडर असलेलं इंजिन. 1990 च्या दशकाच्या अखेरीस मर्सिडीजने ते सोडून व्ही-6 धरलं होतं. कारण सोपं: ते आखूड होतं आणि व्ही-8 च्याच यंत्रसामग्रीवर बनत होतं. पण व्ही-6 मुळात थरथरतं. ती थरथर मारायला आत आणखी एक दांडा फिरवत ठेवावा लागतो. रांगेतल्या सहाचं तसं नाही. फुगडीत दोघी सारख्याच मागे झुकल्या की कोणीच पडत नाही, तसे पुढचे तीन आणि मागचे तीन दट्ट्ये आरशातल्यासारखे हलतात आणि एकमेकांचे हेलकावे जागच्या जागी मारतात. अडचण होती ती लांबीची.

ती सोडवली पट्टे काढून. एसीचा कॉम्प्रेसर, पाण्याचा पंप अशी मंडळी इंजिनाच्या पुढच्या तोंडाशी पट्ट्यावर फिरायची. नव्या इंजिनात ती विजेवर चालू लागली आणि पुढची जागा मोकळी झाली. त्यासाठी वीज दणकट हवी. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधोमध बसवलेलं नवं यंत्र सुमारे 16 किलोवॅटचं आहे. नेहमीच्या 12 व्होल्टवर ते चालवायचं तर प्रवाह 1,300 अँपिअरच्या पुढे जातो; तेवढ्यासाठी तारा मनगटाएवढ्या नकोत का? 48 व्होल्ट केले की प्रवाह चौथाई आणि तारांमधला उष्णतेचा नास सोळावा हिस्सा. मग 100 व्होल्ट का नाही? 60 च्या पुढे एकदिश वीज अंगाला धोक्याची मानतात आणि सुरक्षेचा सगळा खर्च वाढतो. याच विजेवर एक छोटा पंखा 300 मिलिसेकंदांत मिनिटाला 70,000 फेऱ्यांपर्यंत जातो आणि टर्बो जागा होईपर्यंत इंजिनाला हवा पुरवतो.

मधोमध बसलेलं ते यंत्र इंजिन सुरूही करतं आणि चालत्या इंजिनावर वीजही बनवतं. जाहिरातींनी त्याला भविष्य म्हटलं. पण हे भविष्य 1912 च्या कॅडिलॅकमध्ये येऊन गेलेलं होतं.

त्याआधी गाडी हँडल मारूनच सुरू होई. जाणकार अंगठा इतर बोटांच्याच बाजूला ठेवत, कारण इंजिनाने उलटा झटका दिला की दांड्याभोवती वळलेला अंगठा मोडायचाच. कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलँड यांचे स्नेही बायरन कार्टर अशाच झटक्याच्या दुखापतीने गेले आणि लेलँड यांनी विजेच्या स्टार्टरचा ध्यास घेतला, असं सांगतात. एवढं इंजिन फिरवायला मोटरही तेवढीच थोराड लागेल, असा तोवरचा समज होता. डेटनच्या चार्ल्स केटरिंगना तो पटला नाही, कारण आधीच्या नोकरीत त्यांनी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती. गल्ल्याचा खण उघडण्यापुरती मोटर क्षणभरच चालते. तेवढ्यात तिच्यावर ऐपतीबाहेरचा भार टाकला तरी ती तापून जळायच्या आत काम उरकतं. इंजिनालाही सुरू होण्यापुरते काही सेकंदच हवे असतात! मग केटरिंगनी सुरू करताना 24 व्होल्ट देणारी आणि नंतर तीच मोटर जनरेटर बनून 6 व्होल्टवर बॅटरी भरणारी जोडणी केली. पुढे ही दोन कामं दोन वेगळ्या यंत्रांकडे गेली आणि शतकभर तशीच राहिली.

केटरिंग हे नाव आज बहुतेकांच्या कानावर येतं ते न्यूयॉर्कच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या नावाचं शेपूट म्हणून. (त्यांच्याच हाताखालच्या प्रयोगशाळेतून 1921 मध्ये पेट्रोलमध्ये शिसं घालण्याची कल्पना निघाली, हेही सांगून टाकलेलं बरं.) 2017 च्या सगळ्या गाजावाजात त्यांचं नाव यायला हवं होतं.

आता मर्सिडीजच्या या यंत्राला 'हायब्रीड' म्हणावं का? माझं मत विचाराल तर, जेमतेम. 16 किलोवॅट म्हणजे साधारण 21 अश्वशक्ती, इंजिनाची 435. सिग्नलवर हळुवार जागं करणं, ब्रेकची वाया जाणारी ऊर्जा परत घेणं, ओव्हरटेकला हलका धक्का देणं, यात ते तरबेज आहे. पण नुसत्या विजेवर ऑफिसला जाऊ म्हणाल तर ते जमणार नाही. टोयोटाने क्राउनमध्ये 2001 मध्येच 42 व्होल्टचं असलंच काही आणलं होतं. त्या वेळीही क्रांतीच्या घोषणा झाल्या आणि 42 चा आकडा विरून गेला. 2011 मध्ये जर्मन कंपन्यांनी मिळून 48 वर शिक्कामोर्तब केलं, तेव्हा कुठे गाडं पुढे सरकलं.

आपल्याकडे ही फेसलिफ्टवाली एस-क्लास 2018 च्या सुरुवातीला आली. तिची चाकणला जुळणारी डिझेल आवृत्ती भारतात बनलेली पहिली बीएस-6 मोटार होती, सक्तीच्या दोन वर्षं आधी. तिच्यातही रांगेतले सहा सिलिंडर होते: ब्लॉक अॅल्युमिनियमचा, दट्ट्ये पोलादाचे. गरम झाल्यावर अॅल्युमिनियम जास्त फुगतं, पोलाद कमी, त्यामुळे मधली फट किंचित वाढते आणि घर्षण घटतं. पेट्रोलच्या एस 450 मध्ये मात्र इथे जुनं व्ही-6 च दिलं. 48 व्होल्टचं पेट्रोल इंजिन चाकणच्या एस-क्लासमध्ये बसलं ते 2021 मध्ये. तोवर ते दिवे आणि ती जाळी मोडीत निघून पुढची पिढी आली होती.