धमनीतला वेग आणि मुलांचा लकवा

मेंदूच्या धमनीतून रक्त जोरात वाहतंय म्हणजे मेंदूला ते भरपूर मिळतंय, असा अर्थ सहज काढला जातो. सिकलसेल असलेल्या मुलांच्या बाबतीत तो धोक्याचा आहे. या आजारात विळ्यासारख्या वाकलेल्या ताठर रक्तपेशींमुळे मोठ्या धमन्यांच्या अस्तराला इजा होते, अस्तर जाड होतं, आणि अरुंद वाटेतून तेवढंच रक्त जायचं तर त्याचा वेग वाढतो. १९८२ मध्ये रून आस्लिड यांनी कानशिलाच्या पातळ हाडातून ध्वनिलहरी आत सोडून हा वेग मोजून दाखवला. सुई नाही, क्ष-किरण नाहीत. या तपासणीचं मोल १९९८ मध्ये पुरतं कळलं. अमेरिकेत रॉबर्ट ॲडम्स आणि सहकाऱ्यांनी सेकंदाला २०० सेंटिमीटर वा त्याहून अधिक वेग असलेली १३० मुलं निवडली. नेहमीच्या उपचारांवरच्या ६७ मुलांपैकी ११ जणांना लकव्याचा झटका आला. नियमित रक्त चढवलेल्या ६३ जणांपैकी फक्त एकाला.

रक्त कमी असलं की वेग तसाही वाढतो, मग हा आकडा अरुंद धमनीचा पुरावा कसा? आक्षेप रास्त आहे. पण २०० ही रेषा वेग का वाढला यावरून आखलेली नाही. पुढे झटका कोणाला आला, यावरून आखलेली आहे. दुसरा आक्षेप आपल्याकडचा. भारतीय रुग्णांत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकतं, म्हणून आजार सौम्य, असं म्हणतात. अनेकांबाबत ते खरंही आहे. मात्र विदर्भात तीव्र आजाराची मुलंही आढळतात, आणि सरासरी सौम्य आहे म्हणून त्यांना तपासायचंच नाही, हे मला पटत नाही. दर महिन्याला रक्त कुठून आणायचं, ही अडचण सर्वांत खरी. तिथे २०१६ च्या एका चाचणीचा आधार मिळतो: किमान वर्षभर रक्त घेतलेल्या आणि धमन्या फार बिघडलेल्या नसलेल्या मुलांना पुढे हायड्रॉक्सियुरिया या औषधावर आणलं, तरी वेग आटोक्यात राहिला.

२०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेतून मुलं शोधली जात आहेत. शोधलेल्या मुलाची, दोन वर्षांचं झाल्यावर, ही तपासणी व्हायलाच हवी. गडचिरोली-नंदुरबारपर्यंत यंत्र नेता येतं. कमी पडतात ते शिकलेले हात. मूल रडून धापा टाकू लागलं की वेग उतरतो आणि झोपलं की वाढतो, त्यामुळे त्याला जागं आणि शांत ठेवून मोजणारं माणूस तयार करावं लागेल.