काठी, सावली आणि चिंचोके

वार्षिक परीक्षा संपली की घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो : "आता या पोरांना दिवसभर गुंतवायचं तरी कशात?" शहरात सुटीची शिबिरं असतात, पण त्यांना पैसे मोजावे लागतात. खेड्यात मूल एकतर मोबाइल घेऊन बसतं, नाहीतर उन्हातान्हात हिंडतं. मग जूनमध्ये शाळा उघडली की गुरुजींना मागचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून शिकवावा लागतो. ज्यांच्या घरी शिकवणीला पैसा नाही, त्यांचीच मुलं इथे मागे पडतात. तेव्हा बिनपैशाचे दोन उद्योग आज सांगतो. साहित्य म्हणजे एक काठी, दोन चिंचोके आणि घरातल्या मोठ्या माणसाचा थोडासा वेळ.

पहिला उद्योग काठीचा. सपाट अंगणात हातभर काठी ओळंब्याने अगदी सरळ उभी करा. दोरीला दगड बांधला की झाला ओळंबा! आता जमिनीवर दिसते त्या काठीएवढीच दोरी घेऊन तिच्याभोवती वर्तुळ आखा. सकाळी नऊ-साडेनऊच्या सुमारास काठीच्या सावलीचं टोक वर्तुळाला टेकेल. तिथे खडा ठेवा. दुपारी साडेतीनच्या सुमारास ते दुसऱ्या बाजूला पुन्हा टेकेल. तिथे दुसरा खडा ठेवा. दोन्ही खडे जोडणारी रेघ म्हणजे पूर्व-पश्चिम. ही रीत फार जुनी. कात्यायनाच्या शुल्बसूत्रात ती दिलेली आहे.

यात आणखी एक गंमत आहे. सावली वर्तुळाला टेकते त्या क्षणी ती काठीएवढी लांब असते. मग त्याच क्षणी सपाट जमिनीवरच्या माडाची सावलीही माडाएवढीच असणार! बुंध्यापासून सावलीच्या टोकापर्यंत दोरीने मापा. झाडावर न चढता उंची हातात. एरवीच्या वेळी काय करायचं? काठीची सावली काठीच्या निम्मी असेल, तर झाडाची सावली मापून दुप्पट करा. पुस्तकातलं गुणोत्तर मुलाला इथे अंगणात भेटतं.

मे महिन्यात आपल्याकडे एक दिवस असाही येतो, की भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली दिसेनाशी होते. कोल्हापुरास हा दिवस ६-७ मेच्या सुमारास येतो, पुण्यास १३-१४ मे, मुंबईस १५-१६ मे आणि नागपुरास २६ मेच्या आसपास. दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला, म्हणून तिथे तो कधीच येत नाही. मात्र घड्याळात बाराच वाजतील असं नाही. पुण्यास साधारण साडेबारा होतात, नागपुरास बारा वाजून दहा मिनिटं. पूर्वेकडच्या गावाला सूर्य आधी माथ्यावर येतो, हे मुलांकडूनच काढून घ्या. ऊन कडक असतं, तेव्हा डोक्याला टोपी हवी, काम पाच मिनिटांत आटपावं, आणि सूर्याकडे मुळीच पाहू नये.

बाकीची दुपार ओसरीवर, चिंचोक्यांसाठी. दोन चिंचोके फोडले की चार फाका मिळतात. प्रत्येकीची एक बाजू पांढरी, दुसरी काळसर. अष्टा-चंगा खेळताना या चार फाका टाकतात. मुलांना शंभर वेळा टाकायला सांगा आणि दर वेळी किती पांढऱ्या पडल्या ते वहीत मांडायला लावा. चार फाका एकूण सोळा तऱ्हांनी पडू शकतात. दोन पांढऱ्या सहा तऱ्हांनी, एक चार तऱ्हांनी, तीनही चार तऱ्हांनी. पण चारही पांढऱ्या किंवा चारही काळ्या प्रत्येकी एकाच तऱ्हेने. म्हणून तर चंग्याला आणि अष्ट्याला खेळात एवढी किंमत! फाक एका अंगाने फुगीर असते, त्यामुळे वहीतला आकडा थोडा वेगळाही येईल. तो का, हे मुलांना शोधू द्या.

आईबापांना अक्षरओळख नसली तरी अडत नाही. दोरी धरावी, फाका टाकाव्या, आणि विचारावं, "असं का रे झालं?" शिक्षक बंधुभगिनींनी शाळा उघडल्यावर ती वही आधी पाहावी. मागच्या इयत्तेची उजळणी बरीचशी तिच्यातच झालेली दिसेल.