डाळीतलं मीठ, मिठातलं मटण

एक किलो बोकडाचं मटण घरी आणलं, तर त्यातलं पाऊण किलो पाणीच असतं. प्रथिनं साधारण २०० ग्रॅम, चरबी काढून टाकलेल्या भागात स्निग्धांश जेमतेम २०-२५ ग्रॅम, बाकी थोडे क्षार. या किलोभर मटणाला ४० ग्रॅम मीठ चोळलं आणि ते उन्हात इतकं वाळवलं, की आत १०० ग्रॅमच पाणी उरलं, तर तराजूवर ३८० ग्रॅमच्या आसपास काहीतरी कडक, तपकिरी, लाकडाच्या ढलपीसारखं दिसणारं उरतं. १०० ग्रॅम पाण्यात ३६ ग्रॅमच मीठ विरघळतं. म्हणून नीट वाळलेल्या तुकड्यावर मिठाची पांढरी कणी दिसते. अनेकांना ती बुरशी वाटते आणि ते तुकडा फेकून देतात.

वाळवणाविषयी मराठीत पुष्कळ लिहिलं गेलंय. कुरडया, पापड, सांडगे, सालपापड्या, फार झालं तर सोडे, सुकट आणि बोंबील. मटण त्या यादीत सहसा येत नाही. खरं तर मराठवाड्यातल्या मुस्लिम मोहल्ल्यांत, तेलंगणात आणि खाली तामिळनाडूत मटणाचं वाळवण उघड गच्चीवर होत आलं आहे. तामिळनाडूत त्याला उप्पुक्कंडम म्हणतात. मटणाचे लहान तुकडे मीठ, हळद, तिखट लावून दाभणाने दोऱ्यात ओवायचे आणि झेंडूच्या माळेसारखे टांगायचे. हैदराबादकडे आणि मराठवाड्यात ‘सुखा गोश्त’. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे औरंगाबाद, बीड, नांदेडच्या या स्वयंपाकघरांची सोयरीक पुण्यापेक्षा हैदराबादशी जास्त.

मांस वाळवावं लागतं ते दारिद्र्यामुळे, असं सरसकट म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. मांस वाळवावं लागतं, कारण जनावर एकदम कापलं जातं आणि पोट एकाच दिवसाचं असतं. कंदुरीचं बोकड गावजेवणात त्याच दिवशी संपतं, वाळवायला काही उरत नाही. बकरी ईदचं तसं नाही. कुर्बानीच्या मटणाचे रिवाजाने तीन वाटे होतात: घरचा, नातलग-मित्रांचा आणि गोरगरिबांचा. एकाच दिवशी सगळ्या मोहल्ल्यात बोकड कापलं जातं, तेव्हा वाटलेलं मटण फिरून पुन्हा आपल्याच दारात येतं. ते साठवावं की नाही, हा प्रश्नही जुनाच. हदीसमध्ये आधी कुर्बानीचं मांस तीन दिवसांपलीकडे ठेवायला मनाई आणि नंतर खायला, वाटायला, साठवायला परवानगी, असे दोन्ही उल्लेख आहेत. पहिली मनाई टंचाईच्या वर्षी बाहेरून आलेल्या गरजूंपर्यंत मांस पोचावं म्हणून होती, असं कारणही तिथेच दिलेलं आहे. म्हणजे सुक्या मटणाचा डबा भरण्याआधी शेजाऱ्याचं ताट भरलं का, हे विचारलं गेलं होतं.

मराठवाड्यात दुसरी एक परंपरा आहे ती चान्यांची. ती बोकडाची नाही, मोठ्या जनावराच्या मांसाची. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ साली आलेल्या पुस्तकात महार-मांग घरांतलं हे खाणं पाककृतींसकट नोंदवलं. गावकीने मेलेलं ढोर ओढायची सक्ती ज्यांच्यावर केली, त्यांच्या वाट्याला एकदम मणभर मांस यायचं आणि मग कित्येक दिवस काहीच यायचं नाही. लांब पट्ट्या कापून उन्हात टाकणं याशिवाय इलाज नव्हता. मार्च १९२७ मधल्या महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृतमांस सोडायचं आवाहन केलं, ते याच सक्तीच्या विरोधात. पुढे २०१५ साली राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा आला आणि चान्यांचा कच्चा माल बदलला. बोकडाचं सुकं मटण आणि चान्या यांचं तंत्र सख्ख्या बहिणींचं आहे, पण एक दावतीच्या उरल्यातून आलं आणि दुसरं अन्यायातून. दोन्हींना ‘पारंपरिक सुपरफूड’ म्हणून एकाच थाळीत वाढणाऱ्यांचा मला राग येतो.

आता कृती. मांडीचं किंवा पुठ्ठ्याचं मटण घ्यायचं, खाटकाला सांगून चरबी आणि पडदे काढून टाकायचे. चरबी ठेवायची नाही यामागे काटेकोर कारण आहे. मीठ जंतूंना रोखतं, पण चरबी खवट होणं रोखत नाही, उलट त्याला हातभार लावतं. शिवाय बोकडाचा जो खास उग्र वास, तो चरबीतल्या काही फांद्याळ मेदाम्लांचा असतो. वाळताना पाणी जातं, वास मागे राहून गडद होतो.

पट्ट्या धाग्याच्या दिशेने कापायच्या, बोटभर रुंद, त्याहून पातळ जाडीच्या. आडव्या कापल्या तर दोरीवर टांगताच तुटतात. मग मीठ, हळद, आलं-लसूण, तिखट चोळून बरणीत दाबून ठेवायचं. काही तासांत पाणी सुटू लागतं. हे पाणी टाकायचं. त्यात काही मीठ, थोडी प्रथिनं आणि थोडी ब-जीवनसत्त्वं जातात, त्याला इलाज नाही. दुसऱ्या दिवशी दोरीवर किंवा बाजेवर, वरून मलमल किंवा मच्छरदाणी. कावळे, घारी आणि मांजरं यांच्यासाठी एक मूल काठी घेऊन बसवायचं, हाही कृतीचाच भाग. सूर्य कलला की आत घ्यायचं, नाहीतर दिवसभर गेलेला ओलावा रात्रीच्या दवाने परत येतो. तीन-चार कडक उन्हांनी पट्टी वाकवताच कडकन मोडली पाहिजे. नुसती वाकली, तर अजून एक ऊन.

यात दोन ठिकाणी गफलत होते. पहिली, मीठ आत मुरायच्या आधीच पट्टी तापल्या पत्र्यावर टाकणं. वरची कातडी कडक होऊन बंद होते, आतलं पाणी आतच कोंडतं आणि बाहेरून लाकूड झालेला तुकडा आतून नासतो. दुसरी गफलत जास्त घातक. किलोला ४० ग्रॅम हे प्रमाण खायला खारट असलं तरी ओल्या मांसात ते चार टक्केच भरतं. बहुतेक जंतू तेवढ्याने मंदावतात, पण स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा, माणसाच्या नाकात आणि हातांवर राहणारा जंतू मिठाला भीक घालत नाही. प्रतिस्पर्धी मंदावले की त्याचं फावतं. त्याने सोडलेलं विष नंतर उकळून-तळूनही जात नाही आणि वासावरून कळत नाही. म्हणून मीठ लावलेलं मटण रात्रभर ओट्यावर न ठेवता फ्रीजमध्ये मुरवावं. आजीने ओट्यावर ठेवलं आणि कुणाला काही झालं नाही, हे खरं असेल. आजीच्या मिठाचा हात जड होता, हेही तितकंच खरं असणार. अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्ला आणखी कडक आहे: वाळवण्याआधीच मांस आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअस तापवून घ्या, कारण अर्धवट वाळलेल्या मांसात साल्मोनेलासारखे जंतू उष्णतेला अधिक चिवट होतात. पट्ट्यांना आधी वाफ द्यायची आणि मग वाळवायचं, असा त्याचा घरगुती अर्थ. चव थोडी बदलते, पण लहान मुलं, गरोदर बाई किंवा म्हातारी माणसं खाणार असतील तर हाच मार्ग धरावा.

पावसाळ्यात हे सगळं कोलमडतं. मिठाने संपृक्त झालेली वस्तू हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी सोडायचं थांबवते आणि उलट ओढू लागते. जुलैत मिठाची बरणी पाझरते, तोच प्रकार. बकरी ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २०१७ साली ती २ सप्टेंबरला होती, २०२० साली १ ऑगस्टला, २०२३ साली २९ जूनला. म्हणजे सात-आठ वर्षं ती ऐन पावसात येत राहिली आणि दोरीवरच्या मटणाची जागा डीप फ्रीझरने घेतली. २०२५ साली ती ७ जूनला आली, पुढची काही वर्षं मे आणि मग एप्रिल. मराठवाड्याचं एप्रिल-मेचं ऊन मिळालं, तर याहून चांगलं यंत्र विकत मिळत नाही.

जगात इतरत्र याच वस्तूचे वेगळे अवतार आहेत. ब्राझीलच्या ईशान्येकडच्या कोरड्या काटेरी मुलुखात, पेट्रोलिना शहराच्या परिसरात, शेळी-मेंढीचं अख्खं धड हाडं काढून चादरीसारखं उलगडतात आणि हलकं मीठ लावून सुकवतात. इटलीतल्या कियावेन्नाच्या खोऱ्यात शेळीचा अख्खा पाय मिठात मुरवतात आणि खांद्याला व्हायोलिनसारखा लावून सुरीने कापतात, नावही व्हायोलिनचंच. तिथे ती चैनीची वस्तू आहे, कच्चीच, पातळ कापून वाइनबरोबर खाल्ली जाते. आपल्याकडे तशी खायची नाही. आपली वस्तू भांड्यात जाण्यासाठीच जन्मलेली आहे.

शिजवण्याचा सगळा डाव मिठाभोवती फिरतो. पट्ट्या आधी धुवायच्या, मग कोमट पाण्यात अर्धा तास, फार खारट असतील तर पाणी बदलून आणखी अर्धा तास. भिजल्यावर पाट्यावर वरवंट्याने ठेचायच्या म्हणजे लांब धागे सुटतात. कापताना धागा जपला, शिजवताना तो मोडायचा. निखाऱ्यावर भाजून मग ठेचलं तर चव अधिक खोल, पण करपू द्यायचं नाही. हैदराबादी पद्धत म्हणजे पट्ट्या तेलात कुरकुरीत तळून खट्टी दाल आणि भाताबरोबर. उप्पुक्कंडम तिळाच्या तेलात लाल मिरचीबरोबर परततात आणि रसम-भात किंवा दहीभाताला तोंडी लावतात. अंबाडीच्या भाजीत हे तुकडे घातले, तर आंबट आणि खारट एकमेकांची धार बोथट करतात. माझ्या मते सुक्या मटणाचं हे सर्वांत उत्तम रूप. तुरीच्या डाळीत घालायचं तर मटण आणि डाळ आधी शिजवून घ्यावी, चिंच शेवटी. आंबट आधी पडलं तर डाळ गळत नाही. आणि वरून मीठ घालायचं नाही, निदान चव घेतल्याशिवाय तरी नाही.

याच ठिकाणी पोषणाचा हिशेब सुरू होतो. वरच्या आकड्यांवरून ५० ग्रॅम सुक्या मटणात २५ ग्रॅमहून थोडी जास्त प्रथिनं येतात. ऐकायला झकास. पण त्याच ५० ग्रॅममध्ये पाच ग्रॅमच्या आसपास मीठही येतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसाला दिवसभरासाठी सांगितलेली मर्यादा पाच ग्रॅमच्या आतली आहे. भिजवून निम्मं मीठ काढलं तरी अर्धा दिवस एका वाटीत संपला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं, आणि त्या व्याख्येत खारवलेलं मांस येतं. तेव्हा ‘प्रथिनांचा खजिना’ वगैरे म्हणून ते चकल्यांसारखं चघळणं शहाणपणाचं नाही.

चरकसंहिता बोकडाच्या मांसाचं कौतुक करते: फार थंड नाही, फार जड नाही, माणसाच्या शरीराशी जुळणारं. पण त्याच ग्रंथातल्या सूत्रस्थानाचा पाचवा अध्याय वल्लूर, म्हणजे वाळवलेलं मांस, आणि सुक्या भाज्या नेहमी खाऊ नका, ते जड असतं, असं बजावतो. विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात अति वापरू नये अशा तीन गोष्टींत मीठ आहे. ताजं आणि वाळलेलं यांत फरक करण्याची ही नजर आजच्या पुष्कळ आहारसल्ल्यांत दिसत नाही.

मग हे खावं कसं? जुन्या स्वयंपाकघरांनी ते मांस म्हणून वापरलंच नाही, मीठ म्हणून वापरलं. सहा माणसांच्या डाळीत मूठभर पट्ट्या. मीठ त्यातलंच, चवही त्यातलीच. एकेकाच्या वाट्याला मटणाचे दोन-तीन धागे. यातून प्रथिनं मिळतात ती मुख्यतः डाळीची. पण त्या धाग्यांचं एक काम आकडेवारीत सहज दिसत नाही. डाळ आणि पालेभाजीतलं लोह शरीराला फार कमी लागू पडतं. त्याच घासात थोडं मांस असेल तर ते अधिक शोषलं जातं. अंबाडी-चिंचेच्या आंबटाचीही त्याला मदत होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. पट्ट्यांचा मोठा वाटा पुरुषांच्या ताटात आणि उरलेली डाळ बायकांच्या, ही घरोघरची रीत इथे बघावी लागते. निदान त्या डाळीत मटण उतरलेलं असतं.

रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र हे मूठभरही टाळावं. डाळीत उतरलेलं मीठ वेगळं काढता येत नाही. इतरांनी चार माणसांना ४० ग्रॅम सुकं मटण, म्हणजे मधल्या आकाराच्या सात-आठ पट्ट्या, दोनदा पाणी बदलून भिजवलेल्या, असा अंदाज धरावा. मग माणशी मीठ अर्ध्या-पाऊण ग्रॅमच्या आसपास बसतं आणि भाकरीच्या पिठात चिमूटभर मीठ घालायला जागा उरते. बरणीच्या तळाशी राहतो तो चुरा सगळ्यात खारट. तो पाव चमचाच घ्यायचा, लसणीबरोबर कुटून ज्वारीच्या कण्यांत.