योजना नक्की कोणाची?

मित्रांच्या गप्पांत राजकारण आलं की महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं श्रेय कोणाचं, यावर हमखास जुंपते. गंमत म्हणजे भांडणारे सगळेच थोडेथोडे बरोबर असतात.

मूळ जीवनदायी योजना 1997ची, युती सरकारच्या काळातली. जुलै 2012मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीने तिला विमा योजनेचं रूप देऊन आठ जिल्ह्यांत सुरुवात केली; नाव राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना. 2017मध्ये फडणवीस सरकारने फुल्यांचं नाव दिलं. महाविकास आघाडीच्या काळात, एप्रिल 2020पासून, ती केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली. पुढे शिंदे सरकारने 2023मध्ये दीड लाखांचं संरक्षण पाच लाखांवर नेण्याचा आणि सगळ्याच शिधापत्रिकाधारकांना सामावून घेण्याचा निर्णय घेतला. म्हणजे पाट्या बदलल्या, गाडी तीच.

वाद घालायचाच तर तो पैशांवर घालावा. 2017च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च 2025पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचं ठरवलं होतं. 2021-22मध्ये, तेही कोविडच्या काळात, तो 1.84 टक्के होता. देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला 39.4 टक्के वाटा लोकांनी तेव्हा स्वतःच्या खिशातून भरला. 2013-14मध्ये तो 64.2 टक्के होता, म्हणजे सुधारणा खरी आहे. पण या योजना मुख्यतः दाखल रुग्णांसाठी; रोजच्या रक्तदाबाच्या गोळ्या घरच्याच पैशांनी येतात. यावर मात्र कोणी आवाज चढवत नाही!

घरात सत्तरी ओलांडलेलं कोणी असेल, तर ऑक्टोबर 2024पासून उत्पन्नाची अट न ठेवता त्यांना आयुष्मान कार्ड मिळतं. ते आधी काढून घ्या.